बिनपाण्याची हजामत

आपल्या चळवळीने पाणवठ्याचा इतिहास लिहिला, देवळाच्या दाराचा लिहिला, शाळेच्या उंबरठ्याबाहेर बसविलेल्या पोरांचा लिहिला. हनुवटीवरच्या खुंटांचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिला नाही. विषय क्षुल्लक वाटतो. सकाळी उठावे, गालाला साबण लावावा, दाढी करावी आणि कामाला लागावे. यात लिहिण्यासारखे काय आहे, असे कोणीही विचारील. ज्यांच्या घरी न्हावी आपणहून धोकटी घेऊन येत होता त्यांनी तसे जरूर विचारावे. ज्यांच्या गालाला हात लावायला गावातला एकही न्हावी तयार नव्हता त्यांना हा प्रश्न विचारण्याची चैन परवडणारी नाही.

मराठीत बिनपाण्याने हजामत करणे असा एक वाक्प्रचार आहे. एखाद्याची भर सभेत फजिती करावी, त्याला पुरते नागवावे, की त्याची बिनपाण्याने हजामत झाली असे आपण म्हणतो. कोरड्या कातडीवर वस्तरा फिरला म्हणजे काय होते हे ज्याने सोसले असेल त्यालाच हा शब्दप्रयोग सुचला असणार. आमच्या वस्त्यांतली हजामत खरोखरीच बिनपाण्याची होती. पाणवठा गावाचा, न्हावीही गावाचा, आणि आम्ही गावकुसाबाहेरचे. गाल आणि त्यावरचे खुंट, एवढेच काय ते आमच्या मालकीचे.

गावगाड्यात न्हावी बलुतेदार होता आणि महारही बलुतेदार होता. सुगीत दोघेही खळ्यावर आपला वाटा मागायला उभे राहत. न्हाव्याने गावाची हजामत करावी, लग्नात नवरदेवाची श्मश्रू करावी, मशाल धरावी, पाटील दमून आला तर त्याचे अंग रगडावे. महाराने वेस राखावी, सांगावे पोचवावेत, सरकारी साऱ्याबरोबर कचेरीपर्यंत पायपीट करावी, मेलेले ढोर ओढावे. गावाला दोघांचीही चाकरी हवी होती. मात्र एका चाकराचा हात दुसऱ्या चाकराच्या गालाला लागू नये, अशी पक्की तजवीज करून ठेवलेली होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात या बलुतेपद्धतीचे तपशील नोंदविले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात बलुते म्हणजे सेवेची देवघेव. आमच्या अनुभवात ती एकेरी वाट होती. आमची सेवा गावात जात होती. गावाची सेवा आमच्याकडे येत नव्हती.

आमच्या वस्तीतले म्हातारे एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. गावचा न्हावी उन्हाळ्यात पाटलाच्या म्हशी भादरायचा. म्हशीच्या अंगावर चाललेला तोच वस्तरा धुऊन पाटलाच्या गालावर चालायचा. म्हशीने तो बाटला नाही. आमच्या गालाने बाटला असता. गोष्ट सांगताना म्हातारे हसत. ते हसणे ऐकताना मला लहानपणीही बरे वाटत नसे.

संत सेना न्हावी आणि संत चोखामेळा हे दोघेही एकाच वारकरी परंपरेचे संत. दोघांचेही अभंग टाळकऱ्यांच्या तोंडी आहेत. दिंडीत दोन्ही नावे एका सुरात घेतली जातात. तीच दिंडी गावात परतली की सेनाचा वारस वेशीच्या आत जाई आणि चोख्याचा वारस बाहेर राही. अभंगात घडलेली भेट अंगणात घडली नाही. ज्यांना भक्तीच्या समतेविषयी लिहायचे असेल त्यांनी ही बाबही हिशेबात धरावी.

मग आमच्या लोकांनी काय केले? त्यांनी आपला न्हावी आपल्यातच घडविला. वस्तीत एखाद्याजवळ झिजलेला वस्तरा असे. तो दगडावर घासून, चामड्याच्या तुकड्यावर परजून तो माणूस आठवड्यातून एकदा लिंबाखाली बसे आणि पुरुष एकामागून एक त्याच्यासमोर उकिडवे बसत. साबण क्वचितच असे. पाणी बायकांनी तासन्‌तास याचना करून आणलेले. ते प्यायचे की गालाला लावायचे? ओंजळभर पाणी चोळून वस्तरा फिरे. आठ दिवसांचे राठ खुंट, बोथट धार आणि अर्धवट भिजलेली कातडी. रक्त निघे, आग होई, दुसऱ्या दिवशी मानेवर केसतूड उठे. त्या केसतुडांवरून आम्हांला ओंगळ ठरविणारे होतेच. आधी पाणी नाकारायचे, मग न्हावी नाकारायचा आणि शेवटी अस्वच्छ म्हणून नाक मुरडायचे, असा हा तीन पायऱ्यांचा न्याय होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींच्या इंग्रजी टिपणात साताऱ्यातले बालपण सांगितले आहे. हे टिपण १९३५–३६ च्या सुमाराचे. ते पुस्तिकारूपाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केले. त्यात शाळेतल्या पाण्याची हकीकत आहे आणि तिच्याबरोबर हजामतीचीही आहे. घरातल्या मुलांचे केस त्यांची थोरली बहीण कापीत असे, आणि करून करून तिचा हात त्यात चांगला बसला होता. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, घरात न्हाव्याला द्यायला पैसे नव्हते असेही नाही, हे बाबासाहेब मुद्दाम नोंदवितात. वडील सुभेदार, पलटणीचे निवृत्तिवेतन घेणारे. तरीही न्हावी अस्पृश्याच्या केसाला हात लावायला तयार नव्हता.

या नोंदीकडे आपण दोन अंगांनी पाहिले पाहिजे. पहिले असे की, गरिबी हटली म्हणजे जात हटेल असे सांगणाऱ्यांना हे सुभेदाराचे घर पुरेसे उत्तर आहे. खिशात पैसे असून जी सेवा विकत मिळत नाही तिच्या आड दारिद्र्य उभे नसते. दुसरे अंग त्या बहिणीचे. ज्या देशाची घटना पुढे त्या मुलाच्या हाताखालून जायची होती त्याचे डोके एका मुलीने कात्री हाती घेऊन सांभाळले. वस्तीवस्तीतून अशा बहिणी, आया, आज्या होत्या. बाईने वस्तरा धरणे गावाला अभद्र वाटे. आमच्या बायकांनी तो गरज म्हणून धरला. त्यांच्या या कारागिरीला कुठल्या बलुत्यात जागा नव्हती.

येथे न्हाव्याला खलनायक करून मोकळे होणे सोपे आहे. ते खरे नाही. सेवेला नकार देणारा न्हावी स्वतः सेवेच्या साखळीनेच बांधलेला होता. वरच्यांनी त्याला खाली ठेवले आणि त्याच्या खाली आम्हांला ठेवले, म्हणजे त्याला आपल्या खालच्या जागेचे दुःख होऊ नये. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच. आमची दाढी केली असती तर गावाने त्याचे बलुते तोडले असते. तो आम्हांला भीत नव्हता, गावाला भीत होता.

हाच न्हावी एकदा गावाला नकार द्यायला उभा राहिला होता, हेही आपण विसरू नये. वरिष्ठ जातींत विधवेचे केशवपन सक्तीचे होते आणि ते क्रूर काम न्हाव्याकडून करून घेतले जाई. महात्मा फुल्यांचे सहकारी, गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईत न्हाव्यांना संघटित केले आणि आम्ही विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरविणार नाही असे त्यांच्याकडून जाहीर करविले. ज्या हातांनी माणुसकी नाकारली होती त्याच हातांनी अमानुषपणाही नाकारला. त्याच वर्षी लोखंड्यांच्या प्रयत्नाने गिरण्यांना रविवारची सुट्टी लागू झाली. कामगाराला आठवड्यातून एक दिवस स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहायला मिळाला तो या सत्यशोधकामुळे.

आता साता समुद्रांपलीकडे पाहू. दाढी स्वतःची स्वतः करावी ही कल्पना युरोपातही तशी नवीच. झां-झाक पेरे नावाच्या फ्रेंच पातेकाराने १७६९ साली स्वतःची दाढी स्वतः करण्याची कला शिकविणारे पुस्तकच लिहिले आणि वस्तऱ्याला लाकडी आड बसवून कातडी खोल कापली जाणार नाही अशी सोय सुचविली. सेफ्टी रेझरचे बीज ते. पुढे अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट याने धार लावण्याची कटकटच काढून टाकायचे ठरविले. पातळ पोलादी पाते वापरावे, बोथटले की फेकावे, नवे घालावे. इतक्या पातळ पत्र्याला कडक धार देणे कठीण होते. ते काम विल्यम निकरसन या यंत्रज्ञाने जमविले. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४ साली एकस्व मिळाले. १९१८ साली अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले. सैनिक घरी गेले ते दाढीची सवय घेऊनच.

जिलेटने हे पैशासाठी केले. भारतातल्या अस्पृश्यांचे गाल त्याच्या स्वप्नातही नसतील. परंतु वस्तूचा अर्थ ती करणारा ठरवीत नाही, वापरणाऱ्याची गरज ठरविते. गोऱ्या कारकुनाला या यंत्राने न्हाव्याकडची खेप वाचविली. आम्हांला ज्या दारात खेप घालताच येत नव्हती त्या दाराची गरज त्याने कमी केली.

आमच्याकडे रेझर आला तो बऱ्याच अंशी पलटणीच्या वाटेने. इंग्रजांच्या मुंबई सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्यांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडली गेली. बाबासाहेबांनी सतत आग्रह धरल्यावर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. पलटणीत रोजची दाढी हा हुकूम असतो. गावात ज्याच्या गालाला कोणी शिवत नव्हते त्याला इथे सरकार सांगत होते की, दाढी न करता रांगेत उभा राहशील तर शिक्षा होईल. एका माणसाच्या आयुष्यातली ही दोन टोके मला फार बोलकी वाटतात.

माझे मामा या पलटणीत होते. रजेवर येत तेव्हा त्यांच्या पेटीत पत्र्याची एक डबी असे. तिच्यात तीन तुकड्यांत सुटणारा रेझर, ब्रश, साबणाची वडी आणि तुरटीचा खडा. वस्तीतल्या पोरांना ती डबी म्हणजे जत्रेतला खेळ वाटे. मामा दांड्याचा आटा फिरवीत, पाते बसवीत, पुन्हा आटा आवळीत. खांबाला आरसा टांगून ते दाढीला उभे राहिले की अख्खी वस्ती पाहायला येई. स्वतःच्या चेहऱ्याकडे इतका वेळ, इतक्या शांतपणे पाहणारा माणूस आम्ही तोवर पाहिलेला नव्हता.

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातले आमचे गाव सुटले आणि वडील आम्हां सगळ्यांना घेऊन भिवंडीला आले. कामवारी नदीकाठचे हे गाव तेव्हाच यंत्रमागांचे झाले होते. उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातले पद्मशाली, कोकणी मुसलमान, आगरी, आणि आमच्यासारखे दुष्काळाने हाकललेले. सगळ्यांना खडखडाटाने एका तालात बांधले होते. वडिलांना बारा तासांची पाळी मिळाली. मागाच्या कारखान्यात सुताचे तूस हवेत सतत तरंगत असते. घाम आणि तेलाने ओशट झालेल्या गालावर ते बसते, खुंटांत अडकते आणि दिवसभर खाजते. आठवड्याची दाढी गावात लाजिरवाणी होती, इथे ती त्रासाची झाली. मागावाल्याला रोजची दाढी ही चैन नव्हे, गरज होती.

भिवंडीत वडील पहिल्यांदा सलूनमध्ये गेले तेव्हा मी बरोबर होतो. न्हावी उत्तर प्रदेशातला मुसलमान होता. त्याने खुर्ची झटकली आणि हिंदीत विचारले, दाढी की कटिंग? वडील उभेच राहिले. जात कधी विचारतो याची ते वाट पाहत होते. त्याने पुन्हा तेच विचारले. दाढी की कटिंग, एवढे दोनच प्रश्न त्या दुकानात होते. ते खुर्चीत बसले, पण पाठ टेकायला त्यांना बराच वेळ लागला. शहरात समता नांदते असे मी म्हणणार नाही. याच शहरात खोली भाड्याने घेताना आडनाव विचारतात. पण अनोळखी माणसांच्या बाजारात पैसा कधीकधी जातीचे तोंड बंद करतो, एवढे त्या खुर्चीने दाखविले.

रोज सलून परवडणारे नव्हते. मामा निवृत्त होऊन भिवंडीतच राहायला आले आणि त्यांनी चाळीतल्या तरण्या पोरांना दाढी शिकविली. आपल्या बापांना हे कोणी शिकविले नव्हते, म्हणून मी ती शिकवण येथे सविस्तर नोंदवितो. ज्ञान म्हणजे केवळ ग्रंथातले, असे मानणाऱ्यांनी दोन परिच्छेद गाळून पुढे जावे.

मामांचा पहिला नियम पाण्याचा होता. कोरडा खुंट तारेसारखा असतो. पाणी मुरले की तो फुगतो, मऊ पडतो आणि पात्याला कमी जोर लागतो. म्हणून आंघोळीनंतर दाढी करावी, किंवा गरम पाण्यात भिजविलेले फडके दोन-तीन मिनिटे गालावर धरावे. मग ब्रशने फेस करावा, तो घट्ट आणि ओला असावा. बुडबुड्यांचा पोकळ फेस पात्याखाली टिकत नाही. बोअरच्या जड पाण्याला फेस धरत नाही, म्हणून नळाचे पाणी तांब्याभर राखून ठेवावे. दुसरा नियम हाताचा. वस्तरा चालविणारा मनगटाचे बळ वापरतो. रेझरला बळ लागत नाही. त्याच्या अंगच्या वजनावर तो फिरू द्यावा. दांडा गालापासून थोडा खाली झुकवावा, पाते कातडीशी साधारण तीस अंशांत राहावे. त्याहून उभे धरले तर पाते कातडी खरवडते. दाबले तर खुंटाबरोबर कातडीचा पापुद्रा जातो, आणि आग होते ती त्याचीच.

तिसरा नियम दिशेचा. बोटे फिरवून आपला केस कुठल्या अंगाने वाढतो ते आधी ओळखावे. गालावर तो खाली जातो, मानेवर कधी आडवा, कधी वर. पहिला हात सुलटा, केसाच्या दिशेने. मग पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा. उलटा हात फिरवायचाच असेल तर कातडीला सोसत असेल तेवढाच. फार खोल कापलेला कुरळा केस वाढताना बाहेर न येता आतच वळतो आणि पुळी उठते. आमच्या म्हाताऱ्यांच्या मानेवरच्या केसतुडांमागे बोथट, मळक्या वस्तऱ्याबरोबर हेही एक कारण होते. शेवटी गार पाणी, ओल्या गालावर तुरटी, आणि फडक्याने घासायचे नाही, टिपायचे. पाते पाच-सहा दाढ्यांनंतर बदलावे. धार पुसू नये, धुऊन झटकावी. पोलादी पाती भिवंडीच्या पावसाळ्यात रात्रीत गंजत. साठीच्या दशकात स्टेनलेस पाती निघाली तेव्हा हा त्रास संपला. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे रोज करावी. एका दिवसाचा खुंट अलगद कापला जातो, आठ दिवसांचा ओढला जातो. आठवड्याच्या हजामतीत बापांचे जे रक्त निघाले त्यामागे त्यांच्या हाताचा अडाणीपणा कमी आणि पाणी, साबण, धार व फुरसत यांची टंचाई जास्त होती.

हे सारे नियम पुन्हा वाचा. प्रत्येकाच्या मुळाशी पाणी आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते माणूसपणाचा हक्क बजावण्यासाठी. ते पाणी पुढे कुठकुठे पोचायचे होते याची यादी केली तर तिच्यात स्वयंपाकघर आहे, न्हाणी आहे, आणि दाढीचा मगही आहे. बिनपाण्याच्या हजामतीला त्या दिवशी पहिला नकार मिळाला असे मी मानतो.

हातातल्या यंत्राबरोबर कायदाही आला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत भेदभावाविरुद्धच्या कलमावर चर्चा चालू असताना ‘दुकान’ या शब्दात धोब्याचे आणि न्हाव्याचे दुकान येते काय, असा प्रश्न निघाला. ते येते याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, असा बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय होता. दुकान म्हणजे नुसती आत शिरण्याची जागा नव्हे, तर ठरल्या मोबदल्यात सेवा मिळण्याची जागा, असा अर्थ त्यांनी उलगडून सांगितला. साताऱ्याच्या घरात बहिणीसमोर मान वाकवून बसलेला मुलगा ते उत्तर देत होता. घटनेच्या पंधराव्या कलमातला तो एक शब्द वाचताना मला त्या बहिणीची कात्री आठवते. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हा कायद्याने सेवा नाकारणे शिक्षापात्र केले. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९७६ साली तोच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने कडक झाला आणि कैद व दंड दोन्ही सक्तीचे झाले. १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला.

कायदा झाला तेव्हा गावातल्या सलूनवाल्यांनी काय केले? आमच्या मूळ गावी मी कॉलेजात असताना गेलो होतो. दुकानदार उघडपणे नाही म्हणाला नाही. तो म्हणाला, वस्तरा बोथट आहे, संध्याकाळी या. संध्याकाळी दुकान बंद. अशी उत्तरे कुठल्या फिर्यादीत बसत नाहीत. वस्तीतली पोरे भांडत बसली नाहीत, ती एस.टी.ने तालुक्याला जाऊन केस कापून आली. प्रत्येक वेळी येण्याजाण्याचे भाडे हा आमच्यावरचा जातीचा कर होता, आणि कुठल्याही अंदाजपत्रकात तो दिसत नाही.

येथेच रेझरची मर्यादा कळते. दरम्यान घराघरांत रेझर आला होता. किराणा दुकानात सेव्हन ओ’क्लॉक, टोपाझ ही पाती सुटी मिळू लागली. १९८४ च्या मे महिन्यात दंगलीने भिवंडी होरपळली, संचारबंदीत दुकाने बंद झाली, तेव्हा आमच्या चाळीत एका रेझरवर चार घरांच्या दाढ्या झाल्या. पाते मात्र ज्याचे त्याचे. ज्या वस्तीतल्या माणसाने वडिलांना खुर्ची दिली होती ती वस्ती त्या दिवसांत जळत होती आणि आम्ही आरशासमोर उभे राहून स्वतःच्या गालाची काळजी घेत होतो. स्वावलंबन असे एकटे पाडते. नेमक्या त्याच वर्षी जिलेटशी संबंधित कंपनी भारतात स्थापन झाली आणि तिचा कारखाना राजस्थानातल्या भिवाडीला निघाला. आमच्या भिवंडीशी त्या गावाचे नाव अनुस्वाराच्या जागी काना एवढ्यापुरतेच वेगळे. पाती स्वस्त झाली, रेझर घरोघर पोचला. पुढे सलूनवाल्यांनीही आपल्या वस्तऱ्यात हेच पाते मधोमध मोडून अर्धे बसवायला सुरुवात केली. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे अर्धे पाते. एड्‌सच्या भीतीने हा रिवाज पक्का झाला. रोगाच्या भीतीने प्रत्येक गालाला नवे पाते मिळाले. माणुसकीच्या ओढीने ते मिळायला हवे होते.

आज आमच्यातला तरुण रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून कामाला जातो. त्याचा आत्मविश्वास खरा आहे. पण काही शहाणे लोक म्हणतात, आता तुम्हांला न्हाव्याची गरजच काय? घरी रेझर आहे, तो प्रश्न संपला. हे म्हणणे मला मान्य नाही. असेच म्हणायचे तर घरी नळ आला म्हणून पाणवठ्याचा प्रश्न संपला, घरात बुद्धमूर्ती आली म्हणून देवळाच्या दाराने केलेला अपमान संपला, असेही म्हणता येईल. स्वतः करता येणे हे एक स्वातंत्र्य आहे. दुसऱ्याने करून देण्यास नकार न देणे हा वेगळा हक्क आहे. पहिले मिळाले म्हणून दुसऱ्यावर पाणी सोडायचे नसते. बाबा आढाव यांनी सत्तरीच्या दशकात ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम काढली तेव्हा वस्तीला वेगळी विहीर देण्याची सोपी वाट समोर होतीच. वेगळी विहीर तहान भागविते, विषमता भागवीत नाही.

आणि शरीराचेही एक म्हणणे आहे. दाढी स्वतःची स्वतः करता येते. मानेवरचे केस स्वतःला कापता येत नाहीत. आरसे कितीही लावा, मानेच्या मागे दुसऱ्याचाच हात लागतो. तेथे मान वाकवावी लागते आणि मागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात धारेचे हत्यार आहे यावर विश्वास ठेवावा लागतो. त्यानेही या मानेला हात लावताना मन चोरता कामा नये. समाज म्हणजे तरी दुसरे काय? ज्या कामाला आपला हात पुरत नाही तेथे बिनबोभाट पुढे येणारा दुसऱ्याचा हात. जिलेटच्या यंत्राने आम्हांला आमचा गाल परत दिला. मान अजून गावाकडे बाकी आहे, आणि ती वसूल केल्याखेरीज हा हिशेब मिटला असे आम्ही म्हणणार नाही.